मुक्काम पोस्ट एसटीडी : प्रोग्रॅमिंग भाषांमधील नावांचा पेच

नांदेडमध्ये मी संगणकाचे वर्ग घेतो. गेल्या पावसाळ्यात वसमतहून रोज एसटीने ये-जा करणारी एक विद्यार्थिनी वर्ग सुटल्यावर मागे थांबली आणि तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टर्बो सी प्लस प्लस या सी प्लस प्लस भाषेच्या जुन्या कंपायलरवर (म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर) नीट चालणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम घरच्या नव्या कंपायलरने पहिल्याच ओळीवर अडवला होता. 'आयओस्ट्रीम डॉट एच' नावाची फाइलच सापडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने 'डॉट एच' काढले, खाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' अशी एक ओळ टाकली आणि प्रोग्रॅम चालला. दोन दिवसांनी हीच ओळ असलेला दुसरा प्रोग्रॅम अडला. त्यात तिने गुणांची क्रमवारी लावण्यासाठी 'अल्गोरिदम' ही तयार फाइल जोडली होती आणि किती मुले पास झाली हे मोजण्यासाठी मुख्य फंक्शनच्या बाहेर, अगदी वरती, 'काउंट' नावाचे एक व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा, ठेवले होते. आता कंपायलर म्हणत होता की 'काउंट' हे नाव संदिग्ध आहे.

"सर, काउंट तर मीच ठेवलाय. मग दुसरा काउंट आला कुठून?"

हा प्रश्न वरवर पाहता नवशिक्याचा वाटतो, पण प्रोग्रॅमिंगच्या भाषा तयार करणारी माणसे कित्येक दशके याच प्रश्नाशी झगडत आली आहेत. नावे कोणाची, ती कोठे राहतात आणि एकदा लोकांच्या तोंडी बसलेले नाव बदलण्याचा अधिकार कोणाला, हे तीन मुद्दे त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. ते एकेक करून सोडवून पाहू.

भाषेसोबत येणारी शिदोरी

कोणतीही प्रोग्रॅमिंग भाषा रिकाम्या हाताने येत नाही. शब्दाची लांबी मोजणे, यादी क्रमाने लावणे, आजची तारीख काढणे, फाइल उघडणे अशी रोजची कामे भाषेच्या निर्मात्यांनी आधीच लिहून ठेवलेली असतात. तयार कामांच्या या संचाला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यातील प्रत्येक कामाला एक नाव असते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते नाव घेतले की ते काम होते. अशा नाव दिलेल्या कामाला फंक्शन म्हणतात.

अडचण एवढीच की छोटी, सरळ आणि अर्थपूर्ण नावे मोजकीच असतात आणि ती सर्वांनाच हवी असतात. मोजायचे असेल तर 'काउंट', यादीला 'लिस्ट', तारखेला 'डेट', आकाराला 'साइझ'. लायब्ररी लिहिणाऱ्याला जे नाव सुचते तेच वसमतच्या विद्यार्थिनीलाही सुचते, कारण दोघांनाही एकच गोष्ट म्हणायची असते.

गाव, तालुका, जिल्हा

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. मराठवाड्यात पिंपळगाव, वडगाव, पिंपरी या नावांची गावे किती आहेत ते कोणत्याही पोस्टमनला विचारावे. तरीही पत्रे पोहोचतात, कारण पत्त्यावर नुसते 'पिंपळगाव' नसते. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक असे लिहिलेले असते. एका जिल्ह्यातल्या पिंपळगावाचा दुसऱ्या जिल्ह्यातल्या पिंपळगावाशी तंटा होत नाही, कारण दोघांची नावे वेगवेगळ्या कुंपणात आहेत. प्रोग्रॅमिंगमध्ये नावांभोवती घातलेल्या अशा कुंपणाला नेमस्पेस म्हणतात. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीतली जवळजवळ सगळी नावे 'एसटीडी' नावाच्या कुंपणात असतात आणि तिथल्या काउंटचा पूर्ण पत्ता 'एसटीडीमधला काउंट' असा असतो.

या 'एसटीडी'चा आपल्या पिवळ्या फलकांच्या बूथशी संबंध नाही, ते 'स्टँडर्ड'चे लघुरूप आहे. परंतु योगायोगाने तो दाखलाही इथे तंतोतंत लागू पडतो. नांदेडचा एसटीडी कोड ०२४६२ आणि परभणीचा ०२४५२. गावातल्या गावात फोन लावताना कोड लागत नाही, बाहेरून लावताना लागतो, आणि त्यामुळेच एकच स्थानिक क्रमांक दोन्ही शहरांत सुखाने नांदू शकतो. आपल्या तालुक्यात बसून 'पिंपळगावला जाऊन आलो' असे म्हटले तर समजते, मुंबईत तेच वाक्य अपुरे पडते.

आता त्या विद्यार्थिनीच्या ओळीकडे पाहू. 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' या ओळीचा अर्थ असा की एसटीडीच्या कुंपणातली सगळी गावे माझ्याच तालुक्यात आहेत असे समज. एक नाव लिहिण्याचे कष्ट वाचवण्यासाठी तिने शेकडो अनोळखी नावे आपल्या अंगणात बोलावली, त्यांत एक काउंटही होता, आणि तो तिच्या काउंटच्या शेजारी येऊन उभा राहिला.

बुद्रुक आणि खुर्द

जुन्या भाषांमध्ये हे कुंपण नव्हते, आणि ते नसण्याला सबळ कारणे होती. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात, म्हणजे अधिकृत नियमावलीत, अशी अट होती की वेगवेगळ्या फाइलींमध्ये वापरल्या जाणाऱ्या नावांची फक्त पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जातील एवढीच हमी मिळेल, कारण त्या काळची अनेक यंत्रे फाइली एकत्र जोडताना त्याहून जास्त अक्षरे पाहत नसत. लांबी मोजणाऱ्या 'स्ट्रलेन'ची रोमन अक्षरे मोजा, ती सहा भरतात. नक्कल करणारे 'स्ट्रकॉपी', जोडणारे 'स्ट्रकॅट' आणि तुलना करणारे 'स्ट्रकॉम्प' हेसुद्धा रोमनमध्ये सहा-सहा अक्षरांचेच आहेत. आजच्या मुलांना ही नावे तोडकीमोडकी वाटतात, पण तेव्हा जागाच तेवढी होती.

या नावांच्या सुरुवातीला येणारा 'स्ट्र' हा तुकडा म्हणजे गरिबाघरचे नेमस्पेस होय. दोन पिंपळगावे जवळजवळ आली की आपण एकाला बुद्रुक आणि दुसऱ्याला खुर्द म्हणतो, त्यातलाच हा प्रकार आहे. सीच्या प्रमाणाने पुढची सोयही करून ठेवली : 'स्ट्र' आणि 'मेम' यांच्यापुढे लहान लिपीतले अक्षर येऊन सुरू होणारी नावे भाषेने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत, इतरांनी ती घेऊ नयेत. परंतु बुद्रुक आणि खुर्द ही सोय पंचक्रोशीपुरतीच पुरते. तिसरे पिंपळगाव आले, किंवा शेजारच्या जिल्ह्यातही एक बुद्रुक निघाले, की प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे.

पीएचपी या भाषेत याचे सगळ्यात ठळक रूप दिसते. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली तेव्हा तो वेबपानांसाठीच्या छोट्या साधनांचा संच होता, मोठी भाषा घडवण्याचा इरादा नव्हता. सगळी फंक्शने एकाच सामाईक माळावर मांडली गेली. काही नावांना मध्ये अधोरेखा आहे, काहींना नाही. शब्दात शब्द शोधणाऱ्या फंक्शनला आधी गवताची गंजी (जिथे शोधायचे ते) आणि मग सुई (जे शोधायचे ते) द्यावी लागते; यादीत शोधणाऱ्या फंक्शनला मात्र आधी सुई आणि मग गंजी. लेरडॉर्फ यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की अगदी सुरुवातीच्या काळात फंक्शनची नावे भाषेच्या आत त्यांच्या लांबीनुसार कप्प्यांत ठेवली जात, आणि कप्पे सारखे भरावेत म्हणून नावे लहान-मोठी ठेवली गेली. आज 'एचटीएमएलस्पेशलकॅर्स' असे लांबलचक नाव टाइप करणाऱ्याला त्याचे कारण असे काही असेल याची कल्पनाही येणार नाही.

जुन्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द

मग ही नावे नीट का करत नाहीत? सगळी फंक्शने छानशा कुंपणात, सुसंगत नावांनी पुन्हा का मांडत नाहीत? प्रत्येक तुकडीत कोणीतरी हा प्रश्न विचारतोच, आणि त्याचे उत्तर भाषेच्या दुसऱ्या एका कर्तव्यात आहे. भाषेची नवी आवृत्ती आली तरी जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम एकही अक्षर न बदलता चालला पाहिजे, याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी किंवा जुन्याशी सुसंगतता म्हणतात.

जमिनीच्या कागदांचे उदाहरण घ्या. एकत्रीकरणात जमिनींना गट क्रमांक मिळाले, पण कोणा आजोबांच्या ट्रंकेत सर्व्हे नंबर लिहिलेले खरेदीखत अजून घडी घालून ठेवलेले असते, आणि म्हणून नव्या दस्तातही 'जुना सर्व्हे नंबर अमुक' असा उल्लेख करावा लागतो. तो कागद कोणाकोणाकडे आहे हे कोणत्याही कचेरीला सांगता येत नाही. प्रोग्रॅमचेही असेच आहे. भाषेची लायब्ररी सांभाळणाऱ्यांना त्यांचे एखादे फंक्शन जगात कोठे कोठे वापरले गेले आहे याची यादी मिळू शकत नाही. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, संस्थेला तो प्रोग्रॅम आहे हेच माहीत नसते, तो फक्त चालत असतो. नाव बदलले की तो बंद पडतो, आणि बंद पडेपर्यंत कोणालाही खबर लागत नाही.

चार दिवसांचे 'डेट'

हा धोका केवळ नाव काढण्याचा नसतो, नवे नाव घालण्याचाही असतो, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुंपण नसलेल्या माळावर भाषेने एक नवे नाव रोवले की त्याच जागी आधीपासून कोणाचे तरी खोपटे असू शकते.

२४ नोव्हेंबर २००५ रोजी पीएचपीची ५.१ ही आवृत्ती आली. तिच्यात तारखांसाठी 'डेट' नावाचा एक क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा साचा, भाषेनेच दिला होता. परंतु पीएचपी वापरणाऱ्यांच्या 'पेअर' या सामाईक भांडारात तारखांचे एक पॅकेज आधीपासून होते आणि त्यातील क्लासचे नावही 'डेट'च होते. एका प्रोग्रॅममध्ये एकाच नावाचे दोन क्लास राहू शकत नाहीत, त्यामुळे ते पॅकेज वापरणारे प्रोग्रॅम अडकले. २८ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या चार दिवसांत, ५.१.१ आणावी लागली आणि भाषेने आपला 'डेट' मागे घेतला. पुढे २००६ मध्ये ५.२ सोबत जो क्लास आला त्याचे नाव 'डेटटाइम' होते. भाषेच्या निर्मात्यांनाच वापरकर्त्याच्या नावाला वाट करून द्यावी लागली, हे मला फार बोलके उदाहरण वाटते.

जावास्क्रिप्ट या वेबपानांमध्ये चालणाऱ्या भाषेच्या वाट्याला असाच प्रसंग २०१८ मध्ये आला. यादीच्या आतल्या याद्या उलगडून सपाट करणाऱ्या कामाला 'फ्लॅटन' हे नाव द्यायचे ठरत होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आले आणि 'मूटूल्स' ही जुनी लायब्ररी वापरणारे एक संकेतस्थळ मोडले. मूटूल्स याद्यांना स्वतःचे 'फ्लॅटन' जोडत असे आणि मग आपण जोडलेल्या कामांची यादी वाचून ती दुसरीकडे नकलत असे; भाषेने दिलेली नावे मात्र अशा यादीत दिसत नाहीत, त्यामुळे 'फ्लॅटन' हे नाव भाषेचे होताच ते यादीतून गळाले आणि नक्कल अर्धवट राहिली. मूटूल्सचा बहर केव्हाच ओसरला होता, पण ती लायब्ररी वापरणारी जुनी पाने इंटरनेटवर तशीच होती. शेवटी त्या कामाचे नाव 'फ्लॅट' ठेवले गेले. त्याआधी 'कंटेन्स' हे नाव याच लायब्ररीमुळे सोडून 'इन्क्लूड्स' घ्यावे लागले होते.

आणि सी प्लस प्लस? तिथे २०११ च्या प्रमाणात एक अतिशय उपयोगी साचा 'अनऑर्डर्ड मॅप' अशा अवघडलेल्या नावाने आला, कारण 'हॅश मॅप' हे साहजिक नाव निरनिराळ्या कंपायलरवाल्यांनी आपापल्या परीने आधीच वापरून टाकले होते.

एकदाच सगळे हलवले तर?

'रोजच्या कटकटीपेक्षा एकदाच काय ते दुखणे सोसावे' हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही, आणि पायथनने तसे करून पाहिले आहे. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथन ३ ने जुन्या प्रोग्रॅमशी जाणीवपूर्वक फारकत घेतली. लायब्ररीतील विस्कळीत नावे सारखी केली गेली, वेबपत्त्यांची कामे करणारे 'युआरएललिब' आणि 'युआरएललिब२' यांची नव्याने मांडणी झाली. पण लोक नव्या घरी राहायला यायला तयार होईनात. पायथन २ चा सांभाळ २०१५ मध्ये थांबवायचे ठरले होते, ते १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावे लागले. अकरा वर्षे एका भाषेच्या दोन चुली होत्या आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांना दोन्हींवर स्वयंपाक करावा लागत होता. पायथन ३ च्या निर्मितीमागे केवळ नावे नव्हती. जगातील सर्व लिप्यांमधला मजकूर भाषेने मुळातून नीट हाताळावा ही मोठी गरज होती, आणि देवनागरीत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल सांगायला नको. तेवढे मोठे कारण असूनही अकरा वर्षे लागली. नुसती नावे देखणी करण्यासाठी कोणी इतके सोसले असते असे मला वाटत नाही.

याची झळ मी स्वतः जवळून पाहिली आहे. ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्राचे छोटे संकेतस्थळ मी बऱ्याच वर्षांपूर्वी तयार करून दिले होते. कोणते बियाणे शिल्लक आहे, कोणते खत आले आहे, एवढेच त्यावर दिसे. ज्यांच्या सर्व्हरवर ते होते त्यांनी एका रात्रीत पीएचपीची आवृत्ती ७ केली. जूनचा दुसरा आठवडा होता, पहिला पाऊस होऊन गेला होता, सोयाबीनच्या पिशव्यांसाठी दुकानात रांग लागली होती आणि संकेतस्थळाच्या जागी पांढरे पान दिसत होते. कारण असे की डेटाबेसशी बोलणारी 'मायएसक्यूएल अधोरेखा' या तुकड्याने सुरू होणारी जुनी फंक्शने त्या आवृत्तीत काढून टाकलेली होती. नव्या 'मायएसक्यूएलआय'च्या फंक्शनला नुसते नाव बदलून भागत नाही : जुन्यात आधी प्रश्न आणि मग जोडणी दिली जाई, नव्यात आधी जोडणी आणि मग प्रश्न. दोन रात्री बसून मी ते दुरुस्त केले. चूक माझीही होती, कारण ही फंक्शने जाणार असल्याचा इशारा २०१३ च्या ५.५ या आवृत्तीपासून मिळत होता आणि ती प्रत्यक्ष काढली गेली २०१५ च्या अखेरीस.

दोन्ही नावे ठेवली तर?

मधला मार्ग आपल्याच जिल्ह्यांनी दाखवला आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि वसमत तालुका नव्या जिल्ह्यात गेला. सरकारी कागदांवर नवा पत्ता आला, परंतु जुन्या सवयीने 'वसमत, जिल्हा परभणी' असे लिहिलेले पत्र पोस्टाने परत पाठवले असे झाले नाही; पिनकोड आणि पोस्टमन या दोघांना ते गाव ठाऊक होते. नव्या पत्त्याची ओळख करून द्यायची आणि जुन्या पत्त्यावरची टपालही पोहोचवत राहायचे, अशी ही रीत आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये एकाच कामाला दिलेल्या अशा दुसऱ्या नावाला एलियस म्हणतात.

सी प्लस प्लसने हेच केले, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या अडचणीचे मूळ इथे आहे. १९९८ मध्ये भाषेचे प्रमाण ठरले तेव्हा लायब्ररी एसटीडीच्या कुंपणात गेली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून फाइलीच्या नावालाच फाटक बनवले गेले : 'आयओस्ट्रीम डॉट एच' मागितली तर कंपायलर जुन्या पद्धतीने नावे मोकळ्या माळावर देत, आणि 'डॉट एच'शिवाय मागितली तर ती कुंपणात मिळत. जुन्या फाइली प्रमाणात कधीच नव्हत्या, कंपायलरवाल्यांनी त्या आपखुशीने ठेवल्या होत्या. जीसीसी या कंपायलरने त्या २००८ च्या ४.३ आवृत्तीत काढल्या. आमच्याकडच्या अनेक प्रयोगशाळांमधले टर्बो सी प्लस प्लस मात्र हे प्रमाण ठरण्याच्याही आधीचे आहे. म्हणजे ती मुलगी सकाळी प्रयोगशाळेत कुंपणापूर्वीच्या काळात असते आणि संध्याकाळी घरी कुंपणानंतरच्या काळात. तिची यात काहीही चूक नव्हती, आणि हे तिला आधी कोणीच सांगितले नव्हते याचे मला वाईट वाटले.

सीकडून आलेल्या 'एसटीडीआयओ डॉट एच'सारख्या फाइलींचे नशीब वेगळे निघाले. सी प्लस प्लसने त्यांना १९९८ मध्येच 'पुढे कदाचित काढू' अशा यादीत टाकले होते आणि 'सीएसटीडीआयओ' असे नवे नाव दिले होते. पाव शतक उलटले तरी कोणी त्या काढू शकले नाही, आणि २०२३ च्या प्रमाणात त्यांच्यावरचा तो शिक्काच पुसला गेला.

दोन नावे ठेवण्याने पसारा वाढतो, हा आक्षेप मला मान्य आहे. शिकणाऱ्याला एका कामाच्या दोन वाटा दिसतात, जुन्या पुस्तकात एक आणि नव्यात दुसरी, आणि कोणती बरोबर हे त्याला कळत नाही. पण त्याचा हा गोंधळ एका तासाच्या समजावणीने मिटतो. जूनमधल्या पांढऱ्या पानाचा इलाज तेवढा सोपा नसतो.

कुंपण घातले की सगळे मिटते का?

नाही. पहिली गोष्ट अशी की कुंपणालाही नाव लागते आणि तेही कोणाशी तरी जुळू शकते. पायथन शिकणाऱ्या मुलांची दरवर्षी हमखास होणारी चूक पाहा : यादृच्छिक आकडे काढण्याचा सराव करायचा म्हणून मुलगा आपल्या फाइलीला 'रँडम' असे नाव देतो, आत 'रँडम' ही लायब्ररी मागवतो, आणि पायथन त्याला त्याच्याच फाइलीचे दार उघडून देते, कारण पायथन आधी घरात पाहते आणि मग बाहेर. मग 'रँडममध्ये रँडइंट नाही' असा संदेश येतो आणि मुलगा पुस्तकावर संशय घेतो.

दुसरे असे की कुंपणाचे नाव कोणाच्या तरी मालकीचे असू शकते. जावाची मोठ्या उद्योगांसाठीची आवृत्ती ओरॅकल कंपनीने एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे सोपवली, परंतु 'जावाएक्स' हे नाव वापरून पुढे बदल करण्याबाबत दोघांचे जमले नाही, आणि २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये ती सारी कुंपणे 'जकार्ता' या नावाने उभी करावी लागली. त्या आवृत्तीचे मुख्य काम हे नामांतरच होते. नवे काही मिळाले नाही, तरी असंख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या ओळी बदलाव्या लागल्या.

तिसरी गोष्ट पीएचपीची. २००९ च्या ५.३ या आवृत्तीत नेमस्पेस आले, पण आधीची हजारो फंक्शने माळावरच राहिली. नव्या कुंपणात लिहिणाऱ्याला ती सहज सापडावीत म्हणून असा नियम केला गेला की पत्ता न लिहिता फंक्शनचे नाव घेतले तर आधी आपल्या कुंपणात पाहायचे आणि तिथे नसेल तर माळावर. ही सवलत जुन्या सवयींसाठी होती आणि तिची किंमत आजही मोजली जाते : 'स्ट्रलेन' असे नुसते लिहिले असताना तो आपला की माळावरचा हे प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत भाषेला ठामपणे सांगता येत नाही, त्यामुळे काही फंक्शनांसाठी आधीच करता येणारी वेगाची सोय तिला करता येत नाही. क्लासना ही सवलत दिलेली नाही. तिथे पूर्ण पत्ता द्यावाच लागतो.

रस्ट ही तुलनेने तरुण भाषा यातून काही शिकली आहे. तिच्या प्रत्येक प्रकल्पात २०१५, २०१८, २०२१ किंवा २०२४ यांपैकी कोणत्या सालच्या नियमांनी तो वाचायचा हे लिहिता येते, आणि वेगवेगळ्या सालांचे भाग एकत्र जोडले तरी चालतात. मात्र तिथेही लायब्ररी सर्वांना एकच आहे. न सांगता हाताशी कोणती नावे यावीत एवढे सालानुसार बदलता येते, एखादे फंक्शन मुळातून काढता येत नाही.

मग जुने नाव काढायचे तरी केव्हा?

माझे मत असे आहे की नाव कुरूप आहे, विसंगत आहे किंवा आजच्या रुचीला पटत नाही, एवढ्यासाठी ते कधीही काढू नये; ते घातक असेल तेव्हा मात्र काढायला कचरू नये. सी भाषेतील 'गेट्स' हे फंक्शन कीबोर्डवरून ओळ वाचते, पण किती जागा शिल्लक आहे हे त्याला सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे लांब ओळ आली की ते शेजारची स्मृती तुडवत जाते. १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या 'मॉरिस वर्म' या आपोआप पसरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रॅमने संगणकांत शिरण्यासाठी याच फंक्शनची फट वापरली होती. तरीही ते प्रमाणातून जायला २०११ साल उजाडले. 'मायएसक्यूएल'ची जुनी फंक्शनेही याच वर्गात बसतात : वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर आणि डेटाबेसला दिलेला हुकूम वेगवेगळे ठेवण्याची व्यवस्था त्यांच्यात नव्हती. माझ्या दोन रात्री गेल्या, पण ती काढली हे योग्यच झाले असे मी आजही म्हणेन.

नव्या नावांबाबत मात्र सैलपणा परवडणारा नाही. जे नवे यायचे ते कुंपणातच यावे. पीएचपीने २०२२ च्या ८.२ आवृत्तीत यादृच्छिक आकड्यांची नवी व्यवस्था आणली ती 'रँडम' या स्वतंत्र नेमस्पेसमध्ये. जुने 'रँड' आणि 'एमटी रँड' माळावर जसेच्या तसे आहेत. कोणाचेही काही मोडले नाही. सीने तर कुंपणाशिवायही हे साधले. अधोरेखेनंतर मोठ्या लिपीतले अक्षर येणारी नावे तिने आधीच राखून ठेवली होती, म्हणून १९९९ मध्ये होय-नाही साठवणारा प्रकार 'अधोरेखा बूल' या नावाने आला आणि ज्याला साधे 'बूल' हवे त्याने वेगळी फाइल जोडून ते घ्यावे असे ठरले. 'बूल' हा भाषेचा स्वतःचा शब्द झाला तो २०२३ च्या प्रमाणात. मधली चोवीस वर्षे ज्यांनी 'बूल' हे नाव स्वतः ठेवले होते त्यांना सावरायला दिली गेली.

वसमतच्या त्या मुलीसाठी यातले थोडेच लागले. मी तिला 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ खोडायला सांगितली आणि जिथे लायब्ररीचे काम हवे तिथे पूर्ण पत्ता लिहायला लावला : एसटीडीचा सीआउट, एसटीडीचा सॉर्ट. प्रोग्रॅममध्ये अशा पाच जागा निघाल्या. 'काउंट' तिचा तिच्याकडेच राहिला, त्याला हात लावावा लागला नाही. मग तिने विचारले की प्रात्यक्षिक परीक्षा तर टर्बोवरच होणार, तिथे एसटीडी लिहिले तर चालेल का? चालणार नाही, असे मी सांगितले. तिने जर्नल उघडले, उजव्या पानावर 'आयओस्ट्रीम डॉट एच'चा प्रोग्रॅम होता तसाच ठेवला, आणि शेजारच्या डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पाच पत्त्यांसह तोच प्रोग्रॅम पुन्हा लिहून काढला. साडेसहाची एसटी तिला मिळाली.